‘दोनच वर्षं’ आणि ‘डिपेंडंट’: जोडीदाराच्या नोकरीमागे परदेशी जाण्याचा इतिहास

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सध्या जेवताना निघत असणार. नवऱ्याला किंवा बायकोला बाहेरच्या देशात काम मिळालंय. दोन वर्षं, फार तर तीन. ज्याला काम मिळालंय त्याचं ठरलेलं आहे. प्रश्न आहे दुसऱ्याचा. चालू नोकरी सोडून सोबत जायचं का इथेच थांबायचं?

अशा वेळी घरातलं कोणीतरी एक वाक्य हमखास टाकतं, "अगं, दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे!" आणि व्हिसाच्या कागदावर त्या दुसऱ्या माणसासाठी एक शब्द आधीच छापलेला असतो, ‘डिपेंडंट’. म्हणजे अवलंबून असलेला. इंजिनिअर असा, डॉक्टर असा, सीए असा, कागदावर तुम्ही अवलंबूनच.

तर आज आपण या दोन शब्दांचा इतिहास बघणार आहोत, ‘तात्पुरतं’ आणि ‘डिपेंडंट’. मुख्य गोष्ट अमेरिकेची आहे, कारण आपल्याकडची सगळ्यात जास्त गुंतागुंत त्याच देशाच्या व्हिसाची आहे. पण सुरुवात मात्र कोल्हापूरच्या एका पत्रापासून.

गोपाळरावांनी मागितलेली नोकरी

आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. ज्यांनी सिनेमा बघितलाय त्यांना गोपाळरावही माहीत असतील. पोस्टातली नोकरी, बायकोला शिकवायचा ध्यास आणि भयंकर तापट स्वभाव.

पण एक बारीक गोष्ट बऱ्याचदा सुटते. १८८०च्या सुमाराला गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं, तेव्हा त्यांनी फक्त बायकोच्या शिक्षणाचं विचारलं नव्हतं. माझ्या बायकोला अमेरिकेत वैद्यकी शिकायची आहे आणि मला तिथे एखादी योग्य नोकरी मिळेल का, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी विचारल्या होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर, ‘स्पाऊससाठी काही सोय आहे का?’ उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. दोघांनीही ते नाकारलं.

त्याआधी आनंदीबाई गोपाळरावांच्या बदल्यांमागे फिरत होत्या. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्त्याकडे. जोडीदाराच्या नोकरीमागे घर हलवणं त्यांना नवं नव्हतं. १८८३ साली मात्र उलटं झालं. ओळखीच्या मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या एकट्याच कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि गोपाळराव नोकरीत इथेच राहिले. ते पोचले काही वर्षांनी. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा ते तिथे होते आणि पंडिता रमाबाईसुद्धा होत्या.

आता विचार करा. अमेरिकेत गोपाळराव कोण होते? तर मिसेस जोशींचे मिस्टर. तिथे त्यांनी भाषणं दिली, अमेरिकन समाजावर सडकून टीका केली आणि लोक नाराजही झाले. त्यांच्या स्वभावाचा भाग त्यात होताच. पण जिथे आपल्या बायकोला सगळे ओळखतात आणि आपल्याला कोणी नाही, तिथे जाऊन राहणं कोणालाच सोपं नसतं. त्यांनी आधी नोकरी का मागितली होती, ते इथे समजतं.

एक मात्र होतं. गोपाळरावांना अमेरिकेत काम करायला सरकारी परवानगी लागत नव्हती. १८८२मध्ये चिनी मजुरांवर बंदी घालणारा कायदा आला होता, पण आपल्या लोकांसाठी व्हिसा वगैरे भानगड अजून सुरू व्हायची होती. त्यांची अडचण पैशांची आणि मानाची होती. कायद्याची अडचण नंतर आली.

नवऱ्याचा देश तो बायकोचा देश

‘डिपेंडंट’ ही कल्पना व्हिसाच्या आधीपासूनची आहे. १८५५च्या अमेरिकन कायद्याने असं ठरवलं की परदेशी बाईने अमेरिकन पुरुषाशी लग्न केलं की ती आपोआप नागरिक. ऐकायला छान वाटतं ना? पण तेच तत्त्व उलटं फिरवून बघा. १९०७मध्ये कायदा आला की अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व जाणार. देश सोडला नाही तरी!

एथेल मॅकेन्झी या बाई कॅलिफोर्नियात जन्मल्या, तिथेच राहिल्या. लग्न केलं एका ब्रिटिश गायकाशी. १९११मध्ये कॅलिफोर्नियात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, म्हणून त्या नाव नोंदवायला गेल्या. अधिकारी म्हणाले, तुम्ही आता अमेरिकनच नाही. बाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९१५मध्ये हरल्या. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की परिणाम माहीत असताना लग्न केलंत, म्हणजे तुम्ही हे स्वतःहून पत्करलं.

हा युक्तिवाद लक्षात ठेवा. ‘तुम्ही स्वतःहून आलात ना!’ शंभर वर्षांनंतरही डिपेंडंट व्हिसावरच्या माणसाला हेच ऐकायला मिळतं.

१९२२मध्ये केबल कायद्याने ही अट बरीचशी काढली, पण अपवाद ठेवून. नवरा नागरिक व्हायलाच ‘अपात्र’ असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाणारच. आणि लगेच १९२३मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस नागरिकत्वाला अपात्र आहे. म्हणजे एखाद्या अमेरिकन मुलीने भारतीय माणसाशी लग्न केलं, तर आपल्याच देशात ती परकी. हा अपवाद १९३१मध्ये निघाला.

सूत्र एकच होतं. कुटुंब म्हणजे एक माणूस आणि त्याला जोडलेले बाकीचे.

एच-४चा जन्म, आणि इकडे मुथम्मा

पुढचं जरा भरभर बघू. १९४६मध्ये भारतीयांसाठी वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा उघडला. १९५२च्या कायद्यात तात्पुरत्या कामगारांसाठी ‘एच’ हा वर्ग आला. १९६५मध्ये देशांनुसार ठरवलेले जुने कोटे गेले आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने जायला लागले.

मग १९७०ची दुरुस्ती. ७ एप्रिल १९७०ला तीन गोष्टी एकदम घडल्या. कंपनीच्या अंतर्गत बदलीसाठी ‘एल’ व्हिसा आला. एच व्हिसावाल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना कायद्यात जागा मिळाली, ज्याला आपण आज एच-४ म्हणतो. आणि तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. एच-१साठी ते कामच तात्पुरतं असायला हवं, ही जुनी अट काढली. म्हणजे माणूस तात्पुरता, पण खुर्ची कायमची चालेल.

त्या कायद्यात मुख्य कर्मचाऱ्यासाठी सर्वनाम आहे ‘हिम’. त्याच्यासोबत येणारे किंवा त्याच्या मागून येणारे. तेव्हा कायद्याची भाषा सरसकट पुल्लिंगीच असायची, हे खरं. पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर चित्र कोणतं होतं, तेही त्यातून दिसतं. एक कमावता पुरुष आणि त्याच्यामागे घर. त्या घरातल्या बाईलाही नोकरी असेल, हा विचार चित्रात नव्हता. म्हणून एच-४वर येणाऱ्याला राहायची परवानगी, शिकायची परवानगी, कामाची नाही.

आपण अमेरिकेला हसायच्या आधी जरा घरातही डोकावू. सी. बी. मुथम्मा, १९४९च्या तुकडीतल्या, भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. त्यांच्या सेवेचा नियम असा होता की बाईला लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी हवी आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्यायला लावता येईल. पुरुष अधिकाऱ्याला असलं काही नाही. कारण त्याच्या परदेशातल्या पोस्टिंगवर बायको मागून जाणार, हे धरूनच चाललेलं. बाईच्या मागून नवरा कसा जाईल, हे सरकारला सुचतच नव्हतं. मुथम्मा सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. तोवर सरकारने नियम मागे घ्यायला सुरुवात केली होती.

‘तात्पुरतं’ लांबत गेलं

आता येतो आपल्या पिढीच्या ओळखीचा भाग. १९९०च्या कायद्याने एच-१बी आला. वर्षाला ६५,०००ची मर्यादा, एका वेळी तीन वर्षं, एकूण सहा. त्याच कायद्याने हेही मान्य केलं की तात्पुरत्या व्हिसावर असताना ग्रीन कार्डसाठी अर्ज केला तर चालेल.

पण ग्रीन कार्डं किती? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,०००, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजायची. शिवाय कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. इवलासा देश आणि भारत, दोघांना माप एकच.

वायटूकेच्या धामधुमीत एच-१बीची मर्यादा वाढत वाढत १,९५,०००पर्यंत गेली. दार रुंद झालं, आतला जिना मात्र तेवढाच अरुंद राहिला. आमच्या भाषेत सांगतो. रिक्वेस्ट धडाधड येतायत आणि सर्व्हर मिनिटाला एकच घेतोय. क्यू वाढणारच.

मग २०००मध्ये उपाय काढला की ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून मिळेल. चांगलाच निर्णय होता, नाहीतर लोकांना घर मोडून परतावं लागलं असतं. पण परिणाम बघा. ‘तात्पुरता’ व्हिसा आता दहा, पंधरा वर्षं चालू शकत होता. नोकरी करणाऱ्याचं तात्पुरतं लांबलं. त्याच्यासोबत आलेल्या माणसाची ‘काम नाही’ ही अटसुद्धा तेवढीच लांबली.

दोन वर्षं घरी बसणं आणि बारा वर्षं घरी बसणं, कायद्याने एकाच नावाखाली घातलं.

एकाच कंपनीतल्या दोन बायका

२००२च्या जानेवारीत एक कायदा झाला. एल व्हिसावर, म्हणजे कंपनीने बदली करून पाठवलेल्या माणसाच्या जोडीदाराला, म्हणजे एल-२ला, काम करायची मुभा मिळाली. एच-४ला नाही.

म्हणजे बघा, पुण्यातल्या एकाच ऑफिसमधून दोघं जण न्यू जर्सीला गेले. एकाला कंपनीने एल-१वर पाठवलं, दुसरा एच-१बीवर गेला. काम सारखं, बिल्डिंगसुद्धा एकच. एकाची बायको महिन्याभरात नोकरी शोधायला लागते. दुसरीची डिग्री तीच असून तिला शोधताच येत नाही.

एच-४साठी दार उघडलं २०१५मध्ये. २६ मेपासून काही जोडीदारांना ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र मिळायला लागलं. सरकारचा अंदाज होता की पहिल्याच वर्षी १,७९,६०० लोक पात्र ठरतील. प्रत्यक्षात ज्यांना परवाना मिळाला त्यात दहातले नऊहून जास्त भारतीय होते आणि बहुसंख्य बायका.

यात मेख कुठे आहे, ती नीट ऐका. एच-४वर ईएडी कोणाला? ज्याच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर झालाय किंवा ज्याचा एच-१बी त्या रांगेमुळे सहा वर्षांपुढे वाढलाय त्यालाच. म्हणजे ज्यांनी कायमचं राहायच्या वाटेवर पाऊल टाकलंय त्यांना. जे खरोखर दोन वर्षांसाठी जाणार आणि परत येणार, त्यांच्या जोडीदाराला बहुतेक वेळा तो मिळतच नाही.

म्हणून "दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे" हे वाक्य मला खटकतं. दोनच वर्षं राहायचं असेल, तर दुसऱ्याची ती दोन वर्षं पूर्ण रिकामी. आणि रिकामी नको म्हणून परवाना मिळवायचा, तर दोनाची सहा, आठ कधी होतात ते कळत नाही. ‘तात्पुरतं’ आणि ‘काम’ यातलं एकच निवडा, असं तो नियम न बोलता सांगतो.

आणि तोही नियम पक्का नाही. २०१५मध्येच त्याविरुद्ध खटला दाखल झाला. पहिल्या ट्रम्प सरकारने तो रद्द करायचा प्रस्ताव पुढे केला, २०२१च्या जानेवारीत बायडन सरकारने मागे घेतला. खटला सुप्रीम कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन २०२५च्या ऑक्टोबरमध्ये थांबला, कोर्टाने ऐकायला नकार दिला. म्हणजे परवाना वाचला. पण त्याच महिन्यात सरकारने वेगळा नियम आणला की नूतनीकरणाचा अर्ज अडकला असेल तर जुना परवाना आपोआप पुढे चालणार नाही. वेळेत कागद आला नाही की चालू नोकरी थांबली. एल-२वाल्यांचं मात्र २०२१च्या शेवटी एका खटल्यातल्या समझोत्यामुळे सोपं झालं. त्यांना आता वेगळं परवानापत्रही लागत नाही.

एक पुस्तक सांगतो. समाजशास्त्रज्ञ पल्लवी बॅनर्जी यांचं ‘द ऑपॉर्च्युनिटी ट्रॅप’, २०२२चं. त्यांनी दोन प्रकारची भारतीय घरं अभ्यासली. एकात नवरा आयटीत आणि बायको डिपेंडंट. दुसऱ्यात बायको नर्स आणि नवरा डिपेंडंट. हे दुसरं घर ऐकलं की मला गोपाळराव आठवतात. बायकोने घरी बसणं आपल्या समाजाला विचित्र वाटत नाही, म्हणून तिची घुसमट झाकली जाते. नवरा घरी बसला की सगळे विचारतात. पण बंद केलेलं दार दोघांसाठी तेच आहे.

सगळीकडे असंच आहे का?

नाही. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करता येतं, आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यायची अटही नाही. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करसोबत येणाऱ्या जोडीदाराला बहुतेक कुठलंही काम चालतं. नेदरलँड्समध्येही तसंच. जपानमध्ये डिपेंडंटने परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम. सिंगापूरमध्ये पूर्वी डिपेंडंटला एका साध्या पत्रावर नोकरी करता यायची. १ मे २०२१पासून बहुतेकांना स्वतःचा वर्क पास लागतो. कॅनडा जोडीदाराला सढळ हाताने परमिट द्यायचा, २०२५च्या जानेवारीपासून तिथेही अटी कडक झाल्या.

या यादीतून मला दिसतं ते असं: देश कोणता, यापेक्षा व्हिसाचा प्रकार कोणता आणि साल कोणतं, यावर दुसऱ्या माणसाचं आयुष्य ठरतं. चुलत बहिणीचा २०१८चा अनुभव तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

मग ठरवायचं कसं?

हा प्रश्न मी लांबून विचारत नाहीये. आमच्याकडे ऑफर बायकोला आली आहे आणि गेलोच तर कागदावर डिपेंडंट मी असेन. त्यामुळे हा इतिहास वाचताना मी चार गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. त्या तुम्हालाही देतो.

पहिली. ऑफर लेटर आलं की पगाराच्या आधी व्हिसाचा प्रकार विचारा. कंपनी मोठी असेल आणि तुमचा जोडीदार तिथे वर्षभर तरी काम करत असेल, तर एच-१बीऐवजी एल-१ शक्य आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही. एल-१ला स्वतःच्या मर्यादा आहेत, तिथे गेल्यावर सहज कंपनी बदलता येत नाही. पण दुसऱ्याच्या नोकरीचा प्रश्न त्या एका अक्षरावर सुटू शकतो. आणि हे विचारायची वेळ सही करायच्या आधीची असते.

दुसरी. परत यायची तारीख नुसती ठरवू नका, ती कशाला बांधलीय ते ठरवा. प्रोजेक्ट संपणं? मुलाची शाळा? साठलेली रक्कम? बारा वर्षं राहिलेल्या माणसांनी बारा वर्षांचा निर्णय कधीच घेतलेला नसतो. त्यांनी दोन-दोन वर्षांचे सहा निर्णय घेतलेले असतात, आणि पहिल्या निर्णयानंतर दुसऱ्याचं मत विचारलं जायचं कमी होत जातं.

तिसरी. भारतातली नोकरी चालू ठेवून तिथून लॅपटॉपवर काम करू, हे गृहीत धरू नका. व्हिसा, टॅक्स आणि इथल्या कंपनीचं धोरण, तिन्हीकडून अडचण येऊ शकते. जाणकाराला विचारा, लेखी घ्या. बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनाम्याआधी ती मागा. एच-४वर शिकता येतं, तर कोणता कोर्स आणि फी कोणाच्या पैशातून, हेही आधी बोला.

चौथी गोष्ट पैशाची आहे आणि तिच्यावर बोलायला आपण लाजतो. एकाचा पगार बंद होणार, पीएफ थांबणार, अनुभवात खंड पडणार. हा खर्च घराचा आहे, त्या एका माणसाचा नाही. तिकडच्या पगारातून दर महिन्याला ठरलेली रक्कम दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या खात्यात गेली पाहिजे. सरकारने अवलंबून म्हटलं म्हणून घरातही तसंच वागायचं असं कुठे लिहिलंय?

आणि न जाणं हाही पर्याय आहे. गोपाळराव काही वर्षं मागेच राहिले होते. त्यांचा संसार सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. पण नवरा-बायकोने काही काळ दोन देशांत राहणं ही आजकालच्या मुलांची नवी थेरं नाहीत, १८८३ सालीही एका मराठी घराने ते केलंय. घरातल्या मोठ्यांशी बोलताना हे उदाहरण उपयोगी पडतं, करून बघा.

एक सूचना. यातले नियम सतत बदलतात. तुम्ही हा भाग ऐकाल तोवर एखादा बदललेलाही असेल, म्हणून त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर तपासल्याशिवाय काही ठरवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा, पण ठरवू तिथे नका.

ज्याच्या घरात सध्या हीच चर्चा चालू आहे, त्याला हा भाग पाठवा. शक्यतो दोघांनाही पाठवा, आणि दोघांनी एकत्र ऐका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!